बॅटरीवरच्या करवतीने कलमांची छाटणी : कोकणातील बागायतदारांसाठी सविस्तर मार्गदर्शन

कोकणात आंब्याचे कलम छाटायचे म्हटले की आमच्या वडिलांच्या पिढीपर्यंत कोयता, कुऱ्हाड आणि हातकरवत एवढीच हत्यारे होती. कोयत्याने अंगठ्याएवढी फांदी एका घावात उतरते. पण मनगटाएवढ्या फांदीला चार-पाच घाव घालावे लागतात, प्रत्येक घाव थोडा निराळ्या जागी बसतो आणि शेवटी झाडावर उरते ती ठेचलेली, चिरफाळलेली जखम, जिच्यात पावसाळाभर पाणी मुरत राहते. पेट्रोलवरच्या चेनसॉने काप स्वच्छ होतो खरा, पण ते यंत्र जड असते, त्यात तेलाचे मिश्रण भरावे लागते आणि चार फांद्यांसाठी ते बाहेर काढायचा कंटाळा येतो. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, दापोली-मंडणगडपर्यंतच्या बागा त्याने आडव्या केल्या, आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला लागून उत्तरेकडे गेले. त्या दोन वर्षांत मोडक्या फांद्या उरकता उरकता आमच्या वाडीत बॅटरीवरच्या लहान करवती आल्या आणि राहिल्या.

कोयत्याचे काम कष्टाचे असल्यामुळे माणूस फांदीला हात घालण्यापूर्वी चार वेळा वर बघतो; या करवतीने तीच फांदी अर्ध्या मिनिटात खाली येते आणि ती तोडायला नको होती हे नंतर लक्षात येते. म्हणून या लेखात यंत्राइतकाच भर, काप नेमका कुठे घ्यावा, यावर दिला आहे.

करवत कोणती घ्यावी

बाजारात बागायतदाराच्या उपयोगाचे तीन प्रकार मिळतात. पहिला प्रकार म्हणजे 4 किंवा 6 इंची पट्टीची (जिच्या कडेने दातेरी चेन फिरते ती), एका हातात मावणारी छोटी चेनसॉ. पट्टीच्या लांबीपेक्षा इंच-दीड इंच कमी जाडीची फांदी हिने नीट कापता येते. म्हणजे 4 इंचीने साधारण तीन इंचापर्यंत आणि 6 इंचीने साडेचार इंचापर्यंत. दुसरा प्रकार मागेपुढे चालणाऱ्या पात्याच्या करवतीचा, ज्याला दुकानदार रेसिप्रोकेटिंग सॉ म्हणतात. हिला ओल्या लाकडाचे, इंचाला पाच-सहा दात असलेले लांब पाते लावावे. लोखंड कापायच्या बारीक दातांच्या पात्याने फांदी कापायला गेल्यास भुसा दातांत अडकून पाते तापते. बेचक्यात, जिथे चेनसॉची पट्टी शिरत नाही, तिथे हे पाते फार उपयोगी पडते, आणि मातीला लागले तरी चेनइतके नुकसान होत नाही. तिसरा प्रकार लांब दांड्याच्या करवतीचा, म्हणजे पोल सॉ. कोकणातल्या उंच, जुन्या कलमांसाठी एकच करवत घ्यायची असेल, तर मी हीच घ्यायला सांगेन, कारण तिच्यामुळे शिडी टळते.

खोक्यावरच्या व्होल्टच्या आकड्याला भुलू नये. लिथियमच्या एका सेलचा सरासरी दाब 3.6 व्होल्ट आणि पूर्ण भरल्यावर 4.2 व्होल्ट असतो; पाच सेल एका रांगेत जोडले की तीच बॅटरी कोणी 18 व्होल्टची म्हणतो, कोणी 20 ची, कोणी 21 ची. त्यात फरक काही नाही. मात्र स्वस्त यंत्रांवर 48 किंवा 88 असा आकडा आणि त्यापुढे ‘व्हीएफ’ अशी अक्षरे दिसली, तर तो व्होल्टचा आकडा नव्हे, हे समजून घ्यावे. आत बहुधा तेच पाच सेल असतात. खरी तुलना वॉट-अवरवर करावी, म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. 18 व्होल्ट, 2 अँपिअर-अवरची बॅटरी 36 वॉट-अवरची आणि 4 अँपिअर-अवरची 72 वॉट-अवरची होते. बागेत वीज नसते, म्हणून एका मोठ्या बॅटरीपेक्षा दोन मध्यम बॅटऱ्या बऱ्या: एक संपली की दुसरी लावावी आणि पहिली सावलीत थंड होऊ द्यावी. घरी ड्रिल किंवा ग्राइंडर असेल, तर त्याच बॅटरीवर चालणारी करवत मिळते का, ते आधी पाहावे, कारण यंत्रापेक्षा बॅटरीच महाग पडते.

केव्हा छाटावे, काय छाटावे

आंब्याची काढणी संपल्यापासून मृगाचा पाऊस लागेपर्यंतचा काळ छाटणीला चांगला, पण हापूसच्या बाबतीत तो जेमतेम आठ-दहा दिवसांचा मिळतो. भर पावसात कापू नये: ओल्या जखमेत बुरशी शिरते, खोडावर शेवाळ धरलेले असते आणि पाय ठरत नाही. वाळलेल्या, रोगट आणि बांडगूळ धरलेल्या फांद्या उघडीप पाहून केव्हाही काढाव्यात. मांडीएवढ्या फांद्या काढून जुने झाड बुटके करायचे असेल, तर पाऊस सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हात घालावा. मात्र त्या कापांच्या आसपास येणारी पालवी त्या हंगामात मोहोर देत नाही, हे घरच्या मंडळींना आधीच सांगून ठेवावे. काजूचीही छाटणी बी वेचून झाल्यावरच करावी.

सुरुवात झाडाखाली उभे राहून करावी. भर दुपारी जमिनीवरच्या पातेऱ्यावर उन्हाचे कवडसे पडत नसतील, तर झाडाचा मधला भाग कोंदला आहे, असे समजावे. तुडतुड्यांना अशीच दाट, दमट जागा मानवते. मधली सरळ वर गेलेली एखादी फांदी काढल्याने जेवढा उजेड आत येतो, तेवढा कडेच्या दहा फांद्या काढूनही येत नाही. आधी वाळलेल्या फांद्या, मग एकमेकींवर घासणाऱ्यांपैकी कमजोर असलेली, मग आतल्या बाजूला वाढलेली, असा क्रम ठेवावा आणि काढायच्या फांदीला चुन्याचे बोट किंवा रंगीत सुतळी लावून पुन्हा एकदा लांबून पाहावे. एका वेळी पर्णभाराच्या चौथ्या हिश्शापेक्षा अधिक काढू नये. एकदम उघडी पडलेली साल एप्रिल-मेच्या उन्हाने तडकते. आमच्या एका कलमाची पश्चिमेकडची साल अशीच हातभर उकलली आणि पुढे तिथूनच खोडकिडा आत गेला.

कायद्याचेही एक वाक्य इथेच सांगून टाकतो. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 याच्या अनुसूचीत आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ ही आपल्या परसातली झाडेही आहेत, त्यामुळे छाटणीच्या नावाखाली झाड बुंध्यातून उतरवायचे असेल, तर आधी परवानगी लागते; नगरपरिषदेच्या हद्दीत 1975 चा वेगळा कायदा असल्याने मोठ्या फांद्यांबाबतही आधी विचारणा करावी.

हात घालण्यापूर्वी

पेट्रोलची करवत बंद असली की बंद असते. बॅटरीची करवत मात्र बॅटरी लावलेली असेपर्यंत, आवाज नसला तरी, चालू होण्याच्या तयारीत असते. चेन ताणताना, भुसा काढताना, करवत खाली ठेवताना किंवा दुसऱ्याच्या हाती देताना बॅटरी काढावीच. खटका आणि त्याच्या बाजूची सुरक्षा-कळ ही दोन्ही दाबल्याशिवाय करवत चालू होता कामा नये. कळ एकाच जागी अडकून राहत असेल, तर ते यंत्र दुरुस्त होईपर्यंत वापरू नये.

चेनचा ताण पाहण्यासाठी पट्टीच्या मध्यावर चेन चिमटीत धरून किंचित वर ओढावी. चेनचे आतले दात पट्टीच्या खाचेतून पूर्ण बाहेर येता कामा नयेत आणि चेन हातमोजा घालून हाताने सहज फिरली पाहिजे. नवी चेन पहिल्या पाच-दहा कापांतच सैल पडते, तेव्हा ती पुन्हा ताणावी. छोट्या करवतींना बहुधा स्वतःहून तेल सोडणारी टाकी नसते. दर काही कापांनंतर पट्टीच्या खाचेत चेनचे तेल थेंब-थेंब सोडावे. गाडीचे काढलेले काळे तेल वापरायची पद्धत सर्रास दिसते, पण त्यातला लोखंडाचा बारीक कीस पट्टीलाच घासतो आणि तेच तेल ताज्या जखमेवर आणि खालच्या मातीत उतरते. खोबरेल तेल तात्पुरते चालते. मात्र काम झाल्यावर ते पुसले नाही, तर चिकट होऊन बसते.

डोळ्यांना चष्मा, डोक्याला हेल्मेट, पायात बूट आणि अंगात पूर्ण बाह्यांचा, पण अंगाबरोबरचा सदरा असावा. टॉवेल गळ्यात लोंबता ठेवू नये. फांदीवर पानांचे चिकटवलेले गोळे दिसले, तर ते हुमल्यांचे, म्हणजे तांबड्या मुंग्यांचे, घरटे; चेन चालू असताना हुमला मानेला डसला, तर हात आपोआप मानेकडे जातो, म्हणून ती फांदी आधी आकडीने हलवून पाहावी किंवा दुसऱ्या दिवसावर टाकावी. पावसाच्या तोंडाला हिरव्या पाल्यात चापडा, म्हणजे हिरवा विषारी साप, बसलेला असतो, आणि तो हलत नसल्यामुळे नजर चुकवतो. विजेच्या तारेपासून किमान 3 मीटरच्या आत पोल सॉ उभी करू नये. तिचा दांडा बहुधा अॅल्युमिनियमचा असतो. तारेला लागलेली फांदी ही आपल्या हातची नव्हेच. महावितरणला कळवून प्रवाह बंद करून घ्यावा आणि ती त्यांच्याच माणसांकडून काढून घ्यावी.

काप कसा घ्यावा

फांदी खोडाला जिथे मिळते, तिथे तिच्या बुडाशी सालीची एक फुगीर वळी असते. आंब्याला ती बोट फिरवले की लागते: वरच्या बाजूला बेचक्यात सालीला सुरकुत्या पडून एक खडबडीत काळसर रेघ उठलेली असते आणि खालच्या बाजूला, मनगटाला बांगडी रुतावी तसा, किंचित फुगवटा असतो. ही वळी खोडाची आहे, फांदीची नव्हे. अमेरिकेच्या वनसेवेतील संशोधक अॅलेक्स शिगो यांनी असंख्य झाडे चेनसॉने उभी चिरून दाखवून दिले की, झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड कुजका भाग आतून भिंती घालून अडवते आणि वरून नवे लाकूड चढवते. हे काम याच वळीतून होते. म्हणून वळी राखून, तिच्या लगत बाहेरून काप घ्यावा. खोडाला सपाट लागून कापले, तर वळी जाते आणि जखम दुप्पट होते. वीतभर खुंट सोडला, तर तो वाळतो, कुजतो आणि खोडकिड्याला आयते घर मिळते. कोकणात दुसरी चूकच अधिक दिसते, कारण कोयत्याला झाडाजवळ झोका घ्यायला जागा मिळत नाही.

दोन बोटांहून जाड फांदी एका कापात कधीही उतरवू नये. वरून कापत गेले की फांदी अर्ध्यावरच आपल्या वजनाने मोडते आणि खालची साल खोडापर्यंत सोलत नेते. करवत नवी असताना मी हेच केले. आमच्या मांगरापुढच्या कलमाची फांदी माझ्या मांडीपेक्षा बारीकच होती. खटका दाबला, चेन लोण्यात शिरावी तशी शिरली, आणि दुसऱ्याच क्षणी फांदी कडाडून खाली गेली ती खोडावरची दोन हात साल घेऊन. त्या पट्ट्यावर आजही साल पूर्ण चढलेली नाही. यासाठी तीन काप घ्यावेत:

1. खोडापासून सुमारे हातभर अंतरावर फांदीच्या खालच्या अंगाने, तिच्या जाडीच्या चौथाई ते तिसऱ्या हिश्शापर्यंत काप द्यावा. त्याहून खोल गेल्यास फांदी पट्टीवर बसते आणि करवत अडकते.
2. त्या कापापासून दोन बोटे बाहेर, म्हणजे शेंड्याकडे सरकून, वरून काप द्यावा. फांदी मोडली तरी साल खालच्या कापापाशी तुटते.
3. उरलेला हातभर खुंट हलका असतो. तो वळीच्या बाहेरून, शक्य तर एका दमात कापावा.

पट्टीच्या नाकाचा वरचा भाग कशालाही टेकवू नये. फिरती चेन त्या जागी लाकडात अडकली की करवत क्षणात वर, अंगावर उसळते. छोट्या करवतींना उसळी रोखणारा ब्रेक बहुधा नसतो, आणि ती एका हातात मावते म्हणून दुसरा हात फांदी धरायला जातो. अपघात होतो तो याच डाव्या हाताला. दोन्ही हात करवतीवर ठेवावेत. फांदी स्थिर धरायचीच असेल, तर सोबत्याने ती लांबून आकडीने धरावी. चेन पूर्ण वेगात आल्यावरच लाकडाला लावावी, पट्टीचा बुडाकडचा भाग टेकवावा आणि जोर लावू नये. जोर लावावासा वाटतो, तेव्हा चेनची धार गेलेली असते: धार असेल, तर लाकडाच्या पातळ ढलप्या उडतात, गेली असेल, तर पिठासारखा भुसा पडतो.

उंच फांद्या आणि पोल सॉ

बांबूच्या शिडीवर उभे राहून चेनसॉ चालवू नये, एवढा नियम मी घरात कडक ठेवला आहे. फांदीचे वजन उतरले की ती वर उचलली जाते आणि तिला टेकवलेली शिडी मोकळी पडते. झाडावर चढणारा गडी सरावाचा असला तरी वर त्याने हातकरवतच वापरावी.

पोल सॉ धरताना फांदीच्या नेमक्या खाली उभे राहू नये. दांडा जमिनीशी साधारण साठ अंशांपेक्षा उभा करावा लागत असेल, तर आपण फार आत उभे आहोत असे समजून मागे यावे. पट्टीच्या बुडाशी असलेली आकडी फांदीवर टेकवली की यंत्राचे वजन फांदीच घेते. लांब फांदी एकदम न उतरवता शेंड्याकडून दोन-तीन तुकड्यांत उतरवावी. खाली पाय अडकतील असा पाला आधीच बाजूला ओढून ठेवावा आणि मागे सरकायची वाट मोकळी ठेवावी. गडग्याच्या चिऱ्यांना अडखळून करवतीसह मागे पडणे फांदी अंगावर येण्याइतकेच वाईट. दहा-पंधरा मिनिटांनी मान आणि खांदे भरून येतात, तेव्हा थांबावे.

वादळात मोडलेली, ताणलेली फांदी

मोडून लोंबणारी किंवा दुसऱ्या झाडाखाली दबलेली फांदी धनुष्यासारखी ताणलेली असते. वाकलेल्या फांदीची बाहेरची बाजू ओढलेली आणि आतली दाबलेली असते. आधी दाबलेल्या बाजूने थोडासा काप द्यावा, म्हणजे पट्टी अडकणार नाही, आणि मग ओढलेल्या बाजूने, स्वतः फांदीच्या झेपेच्या वाटेबाहेर उभे राहून, थोडे-थोडे कापत जावे. फांदी कोणत्या बाजूला सुटेल ते सांगता येत नसेल, तर तिला हात लावू नये.

बांडगूळ

कोकणातल्या जुन्या बागांतले हे सर्वांत दुर्लक्षित काम आहे. फुलटोच्या हा इवलासा पक्षी बांडगुळाची फळे खातो, त्याचे चिकट बी फांदीवर पुसतो आणि तिथेच नवे बांडगूळ रुजते. नुसते बांडगूळ कोयत्याने खरवडले, तर फांदीत शिरलेल्या मुळांतून ते पुन्हा फुटते. फांदीवरची गाठ शोधावी आणि तिच्यापासून खोडाच्या बाजूला किमान फूटभर सोडून, जवळच्या निरोगी उपफांदीच्या बेचक्याशी काप घ्यावा. बांडगूळ मुख्य खोडावरच असेल, तर फांदी कापण्याचा प्रश्नच नसतो. तिथे दरवर्षी फळ धरण्यापूर्वी ते छाटत राहावे लागते.

जखमेवर लेप

पाश्चात्त्य देशांतले जाणकार आता जखमेवर काहीही लावू नये, असे सांगतात, कारण लेपाने कुज थांबत नाही. आपल्याकडचा पाऊस आणि खोडकिडा लक्षात घेता मी मात्र अंगठ्याहून जाड प्रत्येक कापावर बोर्डो पेस्ट लावतो. प्रमाण 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना आणि 10 लिटर पाणी. थोड्या झाडांसाठी 100 ग्रॅम, 100 ग्रॅम आणि 1 लिटर. मोरचूद निम्म्या पाण्यात प्लॅस्टिकच्या बादलीत रात्रभर भिजवावा, चुना उरलेल्या पाण्यात विरवून थंड होऊ द्यावा आणि मग दोन्ही एकत्र ओतून ढवळावे. लोखंडी भांडे वापरू नये. तयार मिश्रणात सुरीचे पाते मिनिटभर बुडवावे. त्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला आहे. पेस्ट त्याच दिवशी वापरावी.

काम संपल्यावर

रोगट झाडावरून निरोगी झाडावर जाताना चेन पुसून तिच्यावर स्पिरिट फिरवावे. फणसाचा चीक चेनला बसला, तर पाण्याने तो अधिकच घट्ट होतो. फणस फोडताना हाताला लावतो तेच खोबरेल तेल इथेही लावावे, दहा मिनिटांनी कुंच्याने घासावे आणि कोरड्या फडक्याने पुसावे. खोडकिड्याने पोखरलेल्या फांद्या बागेत सरपणाच्या ढिगात ठेवू नयेत, कारण आतली अळी तिथेच पुरी वाढून भुंगेरा होऊन बाहेर पडते. त्या पावसाआधी जाळाव्यात.

खाऱ्या हवेने चेन आठ दिवसांत तांबडी होते, म्हणून आवरताना बाजूचे झाकण उघडून आत साचलेला ओला भुसा काढावा आणि चेन-पट्टीला तेलाचा हात फिरवावा. तापलेली बॅटरी लगेच चार्जरला लावू नये. हाताला गार लागेपर्यंत थांबावे. उन्हात उभ्या गाडीतही ती ठेवू नये. पावसाळ्यातले चार महिने करवत पडून राहणार असेल, तर बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी न ठेवता चार दिव्यांपैकी दोन लागतील एवढी भरावी, यंत्रातून काढावी आणि घट्ट झाकणाच्या डब्यात कोरड्या जागी ठेवावी. आमच्याकडे तिची जागा स्वयंपाकघरात, मिठाच्या बरणीपासून लांब, पापडांच्या डब्याशेजारी ठरली आहे.